मेंदूवर काम करणारी औषधे: सुरू करताना, घेताना आणि थांबवताना

झोपेची गोळी, नैराश्यावरची गोळी, फिट्सचे औषध, उलटी थांबवणारे औषध. कारणे निरनिराळी असली तरी ही औषधे मेंदूतल्या मोजक्याच जागी काम करतात. काही दोन चेतापेशींमधल्या फटीत एखादे रसायन वाढवतात, काही त्या रसायनाचा रिसेप्टर (पेशीवर ते जिथे चिकटते ती जागा) अडवतात, तर काही पेशीच्या आवरणावरची सोडियमची किंवा क्लोराइडची दारे उघडबंद करतात. तीच रसायने मेंदूच्या इतर भागांत आणि शरीरातही वेगळी कामे करत असतात. त्यांपैकी सेरोटोनिन या रसायनाचा बहुतांश साठा तर आतड्यातच असतो. म्हणून दुष्परिणाम बहुतेक वेळा औषधाच्या मूळ कामातूनच आलेले असतात, आणि कुठला त्रास केव्हा होईल याचा बराचसा अंदाज आधी बांधता येतो.

नैराश्य आणि चिंतेवरची रोजची गोळी

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे फटीतले सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारा पंप बंद करतात. पंप पहिल्या डोसपासूनच अडतो, मन हलके व्हायला मात्र 2 ते 4 आठवडे लागतात, कारण रिसेप्टर आणि पेशींची जुळवाजुळव सावकाश होते. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात. त्रास आधी आणि गुण नंतर, या उलट्या क्रमामुळेच अनेक जण दहाव्या दिवशी गोळी सोडतात. मळमळ साधारण दोन आठवड्यांत ओसरते. तोवर गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. लैंगिक इच्छा कमी होणे किंवा वीर्यपतनाला उशीर होणे हा त्रास मात्र बहुधा आपोआप जात नाही. तो संकोच न करता डॉक्टरांना सांगावा. डोस किंवा औषध बदलता येते.

25 वर्षांखालील रुग्णाकडे सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे. या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. ज्येष्ठांमध्ये रक्तातले सोडियम उतरू शकते. नवीनच गोंधळलेपण किंवा तोल जाणे दिसले तर सोडियमची तपासणी करून घ्यावी. सोबत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, कारण गोठण्याच्या क्रियेत प्लेटलेटनाही सेरोटोनिन लागते.

बरे वाटल्यावर निदान सहा महिने औषध चालू ठेवतात. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू उतरवायचे. यात सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे शेवटचा टप्पा. कमी डोसलाही बरेचसे पंप अडलेले असतात. त्यामुळे 20 वरून 10 मिलिग्रॅमवर येणे सोपे जाते, पण 5 वरून शून्यावर येताना चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे, रडू येणे असे त्रास होतात. म्हणून डोस जितका खाली येईल तितक्या पायऱ्या लहान कराव्यात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, ती सोडणे सर्वांत कठीण. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक दिवस रेंगाळते, त्यामुळे ते सोडताना तुलनेने कमी त्रास होतो.

झोप आणि घबराटीवरच्या गोळ्या

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधे गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. पेशीत क्लोराइड जास्त शिरते आणि पेशी सहज उद्दीपित होत नाही. अर्ध्या-एक तासात आराम पडतो, म्हणूनच त्या सोडवत नाहीत. रोज घेतल्यास काही आठवड्यांतच मेंदू गाबाला कमी दाद देऊ लागतो. त्याच गोळीने झोप येईनाशी होते आणि गोळी एकदम बंद केली तर मेंदूला लगाम उरत नाही: घाम, थरथर, आठवडाभर झोप नाही, क्वचित जीवघेणी फिटही.

शक्यतो या गोळ्या 2 ते 4 आठवड्यांपुरत्याच घ्याव्यात. महिनाभराहून जास्त काळ रोज घेतल्या असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टर साधारण दर 2 ते 4 आठवड्यांनी चालू डोसच्या 5 ते 10 टक्के कमी करतात. अल्प्राझोलामचा असर लवकर उतरतो, म्हणून दोन डोसच्या मधेच घबराट होते आणि आजार वाढल्यासारखा वाटतो. डायझेपाम उलट शरीरात साचते. वृद्धांच्या बाबतीत रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही अंगात असते आणि पडून मांडीचे हाड मोडण्याचे ते एक मोठे कारण आहे. दारू किंवा कोडीन, ट्रॅमाडॉल ही अफूवर्गीय वेदनाशामके यांच्यासोबत या गोळ्या कधीच घेऊ नयेत. एकत्र आल्यावर श्वास मंदावतो, थांबूही शकतो.

फिट्सची औषधे

इथे वेळ पाळणे हेच अर्धे उपचार. डोस चुकणे हे फिट परत येण्याचे नेहमीचे कारण असते. फेनिटोइनबाबत डोस वाढवताना विशेष जपावे. यकृताची ते पचवण्याची क्षमता एका मर्यादेनंतर भरून जाते, त्यामुळे 300 वरून 400 मिलिग्रॅम केल्यास रक्तातली पातळी एक तृतीयांशच वाढेल हा हिशेब चुकतो, ती दुपटीवरही जाऊ शकते. नेहमीची सुरक्षित पातळी दर मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम. डोळे थरथरणे आणि झिंगल्यासारखी चाल ही पातळी वर गेल्याची खूण.

लॅमोट्रिजिन घाईने वाढवले तर त्वचा सोलवटणारे गंभीर पुरळ येऊ शकते. मोठ्यांमध्ये सहसा पहिले दोन आठवडे रोज 25 मिलिग्रॅम. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर 25 मिलिग्रॅम एक दिवसाआड, कारण व्हॅल्प्रोएट त्याचे विघटन मंदावते. काही दिवस खंड पडला तर जुन्या डोसवर थेट जाऊ नये, डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढावे. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात साधारण दहातील एका बाळाला जन्मजात व्यंग येते. म्हणून गर्भधारणेचा विचार मनात आल्याबरोबर डॉक्टरांशी बोलावे, पण औषध स्वतःहून थांबवू नये. कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होऊ शकतात.

डोपामिन अडवणारी औषधे

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन अशी औषधे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा रिसेप्टर अडवून भास आणि संशय कमी करतात. तोच रिसेप्टर हालचालींच्या केंद्रात अडला की स्नायू आखडतात, हात कापतात. पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणे किंवा डोळे वर जाऊन अडकणे भयंकर दिसते, पण योग्य इंजेक्शनने बऱ्याचदा काही मिनिटांत उतरते. सर्वांत फसवा त्रास म्हणजे एका जागी बसवत नाही अशी तगमग. ती आजाराची समजून डोस वाढवला जातो आणि तगमग आणखी वाढते. रुग्ण येरझाऱ्या घालू लागला तर ते डोस वाढवल्यानंतर किती दिवसांनी सुरू झाले, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.

उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइडही हाच रिसेप्टर अडवते. ते शक्यतो 5 दिवसांपुरते घ्यावे, आणि कंपवाताच्या रुग्णाला देऊ नये.

लिथियम

मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरच्या (बायपोलर आजारावरच्या) या औषधाची उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत फार थोडे अंतर. शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी रक्त द्यावे. देखभालीसाठी पातळी दर लिटरला साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल, आणि 1.5 च्या वर धोका. शरीरातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवते. जुलाब, उलट्या, अचानक मीठ बंद करणे, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या सगळ्यांनी पातळी चढते. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावे.

डोस राहिला तर

लवकर आठवले तर घ्यावा, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा. दोन डोस एकत्र घेऊ नयेत.

लगेच रुग्णालयात न्यावे

जोराचा ताप आणि लाकडासारखे ताठ अंग. नवीन औषध जोडल्यावर काही तासांत घाम, जुलाब, स्नायूंना हिसके (सेरोटोनिनच्या गोळीसोबत ट्रॅमाडॉल किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक घेतल्यास हे घडू शकते). पुरळासोबत तोंडात फोड. 5 मिनिटांहून लांबलेली फिट. हलवूनही न उठणारा, मंद श्वास घेणारा रुग्ण. त्याला कुशीवर वळवावे, उलटी करवू नये, तोंडात काही घालू नये. घरात सापडतील तेवढी सगळी औषधांची पाकिटे, रिकामी असली तरी, सोबत न्यावीत.