तरुण संघाची जबाबदारी घेण्यापूर्वी : इंदूरच्या मंडळीतल्या स्वयंसेवकाची तयारी

बुरूज बांधायला निघालेला मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायातला हा दाखला मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाचे नेतृत्व स्वीकारू पाहणाऱ्याने अक्षरशः घ्यावा आणि होकार देण्याआधी वही उघडून आठवड्याचे तास मोजावेत. रविवारच्या उपासनेनंतरची दीड तासाची सभा तेवढी सर्वांना दिसते. तिच्यासाठी शनिवारी संध्याकाळी करायची तयारी, मधल्या दिवसांतले फोन, महिन्यातून दोन-तीन घरभेटी आणि वडीलमंडळाची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांची) एखादी बैठक धरली, तर माझ्या अनुभवाने आठवड्याचे सहा तास सहज जातात. पाळीची नोकरी असेल किंवा घरात आजारपण असेल, तर गाण्याची किंवा हजेरीची एखादी लहान जबाबदारी मागून घ्यावी. मात्र जी घेतली ती शाळेच्या वर्षाप्रमाणे जून ते मे अशी पूर्ण करावी. उत्साहाने आलेले आणि तीन महिन्यांत दिसेनासे झालेले दादा आणि ताई मुलांनी पुष्कळ पाहिलेले असतात, आणि नव्या माणसालाही ती आरंभी त्याच मापाने मोजतात.

त्यानंतर पाळकसाहेबांशी बोलावे आणि बोलणे झाल्यावर चार गोष्टी कागदावर घ्याव्यात : कोणत्या वयोगटाची जबाबदारी, किती काळासाठी, अडचणीत कोणाला विचारायचे आणि खर्चाला मंजुरी कोण देणार. आपल्या मंडळ्यांत अशी लेखी नेमणूक मागणे अनेकांना परकेपणाचे वाटते. तसेच, ओळखीच्या दोन व्यक्तींकडून माहिती घेणे किंवा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेणे यालाही कोणी कोणी रागावतात. जन्मापासून इथेच वाढलो, आता आमचीच चौकशी, असे म्हणतात. माझे मत असे की ही पडताळणी उमेदवाराने स्वतःहून द्यावी. ती मागितल्याने जो दुखावतो, त्याला लहान मुलांच्या गटावर नेमण्याची घाई मंडळीनेही करू नये.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्या सभेपूर्वी पाठ असावेत, कारण प्रसंग आल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही. अठरा वर्षांखालील मुलाशी किंवा मुलीशी बंद खोलीत एकट्याने बोलू नये. बोलणे खाजगी असले तरी दार उघडे असावे आणि दुसरी प्रौढ व्यक्ती नजरेच्या टप्प्यात असावी. मुलींचा गट असेल तेथे जबाबदार ताई असलीच पाहिजे. एका मुलाला एकट्याला दुचाकीवर बसवून रात्री घरी सोडणे हा आपल्याकडे चांगुलपणा समजला जातो, परंतु तो टाळावा आणि पालकांना फोन करून थांबावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात दुसरा एक प्रौढ आणि इच्छा असेल तर पालक असावेत, रात्री नऊनंतर मुलांशी वैयक्तिक संदेशांची देवाणघेवाण बंद ठेवावी आणि पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणाचेही छायाचित्र बाहेर टाकू नये.

कायद्याची बाजूही माहीत हवी. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी भीती वाटली, तर ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा ठरतो. घटना खरी की खोटी हे ठरवण्यासाठी वडीलमंडळाची गुप्त बैठक बोलावणे, दोन्ही घरांना समोरासमोर बसवणे, ‘मंडळीचे नाव जाईल’ म्हणून थांबणे, यांपैकी काहीही आपल्या अधिकारात येत नाही. मुलांसाठीचा 1098 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक त्यांच्याखालीच असावा. इंदूरमध्ये भंवरकुआँच्या परिसरात स्पर्धापरीक्षांची शिकवणी घेत वसतिगृहात राहणारी, झाबुआ-अलीराजपूरकडून आलेली मुलेही आपल्या सभांना येतात आणि निकालाच्या दिवसांत त्यांच्याजवळ घरचे कोणी नसते.

येथे माझी एक चूक सांगतो. पहिल्याच वर्षी एका मुलाने, ‘दादा, कोणाला सांगणार नसाल तर सांगतो,’ असे म्हटले आणि मी विचार न करता वचन दिले. त्याने जे सांगितले ते त्याच्या आईला सांगणे भाग होते. मी सांगितले, आणि तो कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचे चुकले नव्हते. त्याने वचन मागितले होते आणि मी दिले होते. तेव्हापासून कोणी असे विचारले की मी आधीच सांगतो : ‘तुला किंवा दुसऱ्या कोणाला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावे लागेल, बाकीचे माझ्यापाशीच राहील.’ हे वाक्य घरी दोन-चारदा मोठ्याने म्हणून पाहावे, कारण समोर रडणारे मूल असताना ते सुचत नाही.

इंदुरात मराठी मंडळीसाठी काम करणाऱ्याला भाषेची तयारी वेगळी करावी लागते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आजी घरात मराठीत प्रार्थना करते, नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि सभेत एकच उतारा दोन शास्त्रांतून, म्हणजे मराठी आणि हिंदी बायबलांतून, उघडला जातो. मराठीतले मत्तय हिंदीत मत्ती होतात, योहान यूहन्ना होतात, तीमथ्याला लिहिलेले पत्र तीमुथियुसच्या नावे सापडते, प्रेषितांची कृत्ये शोधणारा मुलगा ‘प्रेरितों के काम’वरून पुढे निघून जातो. नावांचा गोंधळ दोन मिनिटांत मिटतो, अर्थाचा मिटत नाही. ‘ज्याच्यावर देव प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो’ या आशयाचे इब्री लोकांस पत्रातले वचन मी एकदा मराठीतून वाचले आणि हिंदी शाळेतल्या मुलांनी आनंदाने मान डोलावली. त्यांना वाटले की देव आपल्या लाडक्यांना शिक्षण देतो. (अर्थाच्या मुळाशी ते फारसे चुकले नव्हते, हे निराळे.) ‘तारण’ (पापातून सुटका) म्हटल्यावर काहींना सोने ठेवून काढलेले कर्ज आठवते आणि ‘राग’ म्हटल्यावर गाण्याचा वर्ग. म्हणून पाठ तयार करताना दोन्ही शास्त्रे शेजारी ठेवून उतारा वाचावा, अडखळवणाऱ्या शब्दांखाली रेघ मारावी आणि त्यांचा अर्थ सभेच्या आरंभीच सांगून टाकावा. चर्चा हिंदीत रंगली तर तिला रंगू द्यावे. मराठी टिकवण्याचे काम गाण्याकडे सोपवावे.

गाण्याकडे ते सोपवता येते, कारण मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांची परंपरा समृद्ध आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या चालीत येशूचे गुणगान केले, आणि ती गीते पेटी-तबल्यावर आजही गायली जातात. तरुणांना गिटार हवी असते आणि ती असावीच, परंतु महिन्यातून एक जुने पद निवडून त्याचा अर्थ आधी समजावून मग शिकवावे आणि शक्य असेल तेव्हा ते शिकवायला मंडळीतल्या एखाद्या आजोबांना बोलवावे. स्वतःला सूर नसेल तर दुसऱ्याला उभे करावे. नेत्याला सर्व काही आले पाहिजे ही समजूत आधी काढून टाकावी.

पाठाविषयी फारसे लिहीत नाही. एक उतारा, तीन प्रश्न आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त वेळ, इतके पुरते. ज्या प्रश्नाचे उत्तर माहीत नाही त्याला ‘पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना विचारून सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखर सांगावे. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होतो, असा इशारा याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. हौसेने माइक हाती घेणाऱ्यांनी तो अधूनमधून वाचावा.

वर्षाचे वेळापत्रक जूनमध्येच आखताना दोन पंचांगे समोर असावीत. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळातच बोर्डाच्या परीक्षा येतात, आणि बहुतेक वर्षी इंदूरची रंगपंचमीही. 2024 साली रंगपंचमी 30 मार्चला होती आणि ईस्टर 31 मार्चला, म्हणजे ज्या शनिवारी पहाटेच्या उपासनेची शेवटची तालीम व्हायची, त्याच दिवशी राजवाड्याभोवती गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघाली होती. अशा वेळी मुलांना रागावण्यापेक्षा तालीम शुक्रवारच्या उपासनेनंतर घ्यावी. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांसाठी (देखाव्यांच्या मिरवणुकीसाठी) रस्ते बंद होतात, तेव्हा संध्याकाळची सभा ठेवू नये. नाताळात घरोघरी गाणी म्हणायला जाताना मार्ग आणि घरांची यादी आधी पालकांना द्यावी आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई असल्यामुळे शेवटचे घर साडेनऊला आटोपावे.

सहलीच्या बाबतीत मी कठोर आहे. पावसाळ्यात पातालपाणी किंवा तिंछाच्या धबधब्यावर जाण्याचा आग्रह दर वर्षी होतो. 2011 च्या जुलैत पातालपाण्याला अचानक आलेल्या लोंढ्यात एका कुटुंबातली माणसे वाहून गेली होती. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. पोहणे येते म्हणणारा मुलगा तिथे सर्वांत आधी पाण्यात उतरतो. म्हणून पावसाळ्यात पाण्याच्या जागा वर्ज्य कराव्यात आणि जवळची सहल हवी असेल तर पाऊस संपल्यावर रालामंडलची टेकडी चढावी. निघण्यापूर्वी पालकांची सही, दोन दूरध्वनी क्रमांक, औषधांची आणि खाण्याच्या वावड्यांची नोंद घ्यावी (पोह्यात शेंगदाणे घालण्याआधी हे विचारलेले बरे), गाडीची कागदपत्रे व चालकाचा परवाना पाहावा आणि चढताना-उतरताना दोन्ही वेळा डोकी मोजावीत.

पैशांबाबत एवढेच की ते नेत्याच्या खिशात राहू नयेत. खजिनदार वेगळा असावा, प्रत्येक वर्गणीची पावती फाडावी आणि सहलीचा हिशेब पुढच्या रविवारी फळ्यावर लिहावा, उरलेले सदतीस रुपये धरून.

शेवटची तयारी नाजूक आहे. आपली मुले वर्गमित्रांना घेऊन येतात, त्यांतले अनेक इतर धर्मांचे असतात, आणि त्यांचे स्वागत करणे आपले कर्तव्यच आहे. परंतु मध्य प्रदेशात 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा लागू आहे. त्यात बळजबरीने, फसवणुकीने किंवा प्रलोभनाने केलेल्या धर्मांतराला शिक्षा आहे, बालकाच्या बाबतीत ती अधिक कडक आहे आणि धर्मांतरापूर्वी साठ दिवस जिल्हा प्रशासनाला कळवावे लागते. म्हणून अशा मुलाच्या पालकांना आपण होऊन फोन करावा, सभेत काय चालते ते लपवाछपवी न करता सांगावे, त्यांची लेखी संमती घ्यावी आणि त्यांनी नको म्हटले तर त्या मुलाला प्रेमाने तसे कळवावे. बक्षिसे आणि वह्यावाटप यांना उपासनेशी जोडू नये. बाप्तिस्म्याचा विषय निघाला, तर तो पाळकसाहेबांचा आणि त्या कुटुंबाचा आहे. तरुण संघाच्या नेत्याने त्यावर आश्वासन देऊ नये.

पहिल्या रविवारी अर्धा तास आधी पोहोचावे. पिशवीत दोन्ही भाषांतले शास्त्र, हजेरीची वही, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटे, चार जास्तीची पेने आणि नाश्त्यासाठी स्टीलच्या ताटल्या असाव्यात, म्हणजे पोहे-जिरावणानंतर कचऱ्याची कोणती पेटी कोणती हा वाद होणार नाही. खुर्च्या ओळीने न मांडता गोल मांडाव्यात, दाराची कडी आतून अडकत नाही ना हे पाहावे, आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते ते शनिवारीच विचारून ठेवावे.