बोझेच्या मांड्या नंतर, आधी त्याचा पत्ता

ट्रॅक सायकलिंगच्या स्प्रिंटमध्ये येणारी पोरं मला पहिल्यांदा फ्रान्सच्या ग्रेगरी बोझेच्या मांड्यांबद्दल विचारतात. मांड्या होतात हो. जिमला जा, चार वर्षं मरा, होतात.

2009 आणि 2010 चं स्प्रिंटचं विश्वविजेतेपद त्याच्याकडे होतं. 2011 चंही जिंकला, पण जानेवारी 2012 मध्ये ते काढून घेतलं. औषध वगैरे काही सापडलं नव्हतं, ठावठिकाण्यात घोळ झाला होता. किताब ब्रिटनच्या जेसन केनीला गेला. टीम स्प्रिंटचं सुवर्णही गेलं, म्हणजे काही चूक नसलेल्या दोन साथीदारांचंही.

आता नीट ऐका. टेस्टिंग पूलमध्ये, म्हणजे डोपिंगची अचानक चाचणी होणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव आलं की रोजचा एक तास आणि पत्ता कळवायचा. चाचणीवाले आले आणि त्या तासात तिथे सापडला नाहीत की एक चूक. हल्ली बारा महिन्यांत तीन चुका भरल्या की थेट डोपिंगचं प्रकरण. मी सकाळी सहा ते सात दिला होता, हॉस्टेलची खोली. गणपतीला घरी गेलो, पत्ता बदलला नाही. एक. दुसऱ्या वेळी तर खोलीतच होतो! बेल बंद, फोन सायलेंट, मी गाढ झोपेत. घरात होतो हे कोण ऐकतंय? दोन. पहिल्या चुकीला वर्ष होईपर्यंत मी पाच पंचावन्नला उठून दाराशी खुर्ची टाकून बसायचो.

‘मी भरतो तुझा फॉर्म’ म्हणणाऱ्या सरांपासून लांब राहा. माझेही भरायचे. प्रेमानं करतात, पण चूक तुमच्या नावावर चढते.

घाबरू मात्र नका. बोझेनं एप्रिल 2012 मध्ये मेलबर्नला त्याच केनीला हरवून किताब परत आणला. ऑगस्टमध्ये लंडनला ऑलिंपिक फायनल त्याच्याकडूनच हरला, आणि पत्रकार परिषदेत त्यालाच विचारत बसला, तयारी कशी केलीस म्हणून. मला तर तो तिथेच जास्त आवडला. 2015 मध्ये, तिशीत, घरच्या सेंट-क्वेंटिनच्या ट्रॅकवर पुन्हा विश्वविजेता. उशिरा सुरुवात केली म्हणून रडणाऱ्यांनी फ्रान्सचीच माटिल्ड ग्रो बघावी: आधी बास्केटबॉल खेळायची, 2022 मध्ये त्याच ट्रॅकवर स्प्रिंटची विश्वविजेती झाली.

हॉस्टेलची बेल शेवटी मीच बसवली, दोनशे रुपयांची. वॉर्डननं पैसे अजून दिलेले नाहीत.