लाईपझिगमधला पहिला रविवार आणि न तापणारा कुकर

ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी लाईपझिगला आले, शनिवारी रात्री रूमवर पोचले. नाशिकहून निघताना आईने भांडी बाजारातून तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर घेऊन दिलेला, बॅगेत अर्धी जागा त्यानेच खाल्ली.

रविवारी सकाळी वरणभात लावायला गेले तर शेगडी नुसती टिकटिक करतेय, डिस्प्लेवर काहीतरी चिन्ह आणि बंद. मला वाटलं पहिल्याच दिवशी मी शेगडी बिघडवली, आता डिपॉझिट गेलं! घरी व्हिडिओ कॉल केला तर आईचा पहिला प्रश्न, "अगं, शिट्टी झाली का?" (तिकडे दुपारचे दीड, त्यांची जेवणं उरकलेली.)

मग डोक्यात आलं की ही इंडक्शन आहे, तिला लोहचुंबक चिकटेल असाच बुड लागतो. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून कुकरला लावलं, घसरून खाली. रूममेटच्या पातेल्याला लावलं तर टपकन चिकटलं. तिला विचारून त्याच पातेल्यात डाळतांदूळ एकत्र टाकले, चौपट पाणी, झाकण ठेवून अर्धा तास मंद आचेवर, खिचडी झाली एकदम मऊ.

मीठ मात्र नव्हतं आणि जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद, पण मेन स्टेशनवरचं सुपरमार्केट चालू असतं म्हणून तिथून आणलं.

येणाऱ्यांनो, नाशिकमध्ये कुकर घेताना खिशात मॅग्नेट ठेवा, स्टीलचासुद्धा बुडाला लावून बघा. माझ्या कुकरमध्ये सध्या कांदे ठेवलेत.