गुप्त ग्राहक म्हणून जेवायला जाण्याआधी

पहिली तयारी कागद-पेन्सिलीची. रेस्टॉरंटचं मिस्ट्री शॉपिंग, म्हणजे एखाद्या कंपनीच्या सांगण्यावरून साध्या गिऱ्हाइकासारखं जाऊन जेवायचं आणि तिथल्या सेवेचा अहवाल द्यायचा, हे परवडतं का, याचं उत्तर काम स्वीकारण्याआधीच काढता येतं. मात्र आधी तास मांडायचे, पैसे नंतर. सूचनापत्र नीट वाचायला अर्धा तास, जायला-यायला एक तास, टेबलावर दीड तास आणि घरी येऊन अहवाल भरायला पहिल्या खेपेला दोन तास धरा. झाले पाच. आता शेजारी मिळकत लिहा: बिलाचा परतावा, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंत, आणि मानधन असेल तर ते. जेवणाच्या कामांत ते पुष्कळदा नावापुरतं असतं किंवा नसतंच, जेवण हाच मोबदला. मग कागदाच्या तळाशी एक प्रश्न लिहा: इथे मी एरवी स्वतःच्या पैशाने जेवायला आलो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या जेवणाची तुमच्यापुरती किंमत बिलावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी आहे. माझ्या मते सगळा हिशेब या एका प्रश्नावर फिरतो, आणि ‘फुकट जेवण मिळतं’ म्हणणारे नेमका तोच वगळतात.

हिशेब जमला तर काम देणारी कंपनी तपासा. खरी कंपनी नावनोंदणीसाठी पैसे मागत नाही, ‘प्रमाणपत्र’ही विकत नाही. आधी चेक पाठवून ‘हा खात्यात भरा, थोडे पैसे स्वतःला ठेवा, उरलेल्याची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर कळवा’ असं कोणी सांगितलं, तर तिथेच थांबा. ही जुनी फसवणूक आहे आणि अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन तिच्याबद्दल लोकांना सावध करत आलं आहे. चेक खात्यात जमा झालेला दिसतो, पण तो खोटा असल्याचं कळायला कधी कधी काही आठवडे जातात, तोवर कार्डं वापरली गेलेली असतात आणि भरपाई तुमच्या खात्यातून होते. एमएसपीए ही या धंद्यातल्या कंपन्यांची संघटना आहे. तिच्या सदस्यांत नाव आहे का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

मग सूचनापत्र. ते दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. कोणत्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत जायचं? किती जणांनी? काय काय मागवणं सक्तीचं आहे? सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण, गोड आणि पेय असं सगळं मागवायला लावून परताव्याची मर्यादा मात्र त्याच्या निम्म्यावर ठेवलेली असेल, तर ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला. टिप आणि कर मर्यादेत धरलेत की वेगळे, सवलतीचं कूपन चालतं का (बहुधा चालत नाही), बिल छापील हवं की फोटो पुरेल, हेही पाहून ठेवा. त्याच ठिकाणी पुन्हा जाण्याआधी काही आठवडे किंवा महिने थांबावं लागतं. त्यामुळे आवडत्या जागी दर आठवड्याला जेवू, हा बेत आताच सोडून द्या.

सोबत कोण येणार, हे जेवणाइतकंच महत्त्वाचं. बोलकी पण पोटात गोष्ट ठेवणारी व्यक्ती हवी. ‘अगं, वेळ लिहिलीस का?’ असं वेटरसमोर विचारणारी नको. सूचनापत्र छापून नेऊ नका आणि ओळखीचे लोक काम करतात तिथलं काम घेऊ नका. घरून निघण्याआधी पाठ करायच्या गोष्टी पाच-सहाच ठेवा, बाकी फॉर्म भरताना आठवतील अशी खूण करून ठेवा.

खरी मेहनत आहे ती वेळा टिपण्याची. दारात कोणी कधी बोललं, टेबल कधी मिळालं, ऑर्डर कधी घेतली, पेय कधी आलं, जेवण कधी आलं, पहिल्या काही घासांनंतर कोणी ‘सगळं ठीक ना?’ असं विचारायला आलं का, बिल मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती मिनिटं गेली. बहुतेक फॉर्मना हे मिनिटांत हवं असतं, ‘लवकर’, ‘उशिरा’ चालत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या तर तासाभरात निम्म्याहून जास्त विरून जातात. ‘सात पंचावन्न’, ‘आठ अकरा’, ‘आठ बावीस’ हे आकडेही डोक्याला तितकेच निरर्थक. तेव्हा आठवणीवर विसंबू नका. सोबतच्या माणसालाच फोनवर एक-एक शब्दाचा निरोप पाठवा: ‘पाणी’, ‘ऑर्डर’, ‘आलं’. निरोपाची वेळ फोन आपोआप नोंदवतो आणि जेवताना फोन पाहणाऱ्याकडे हल्ली कोणी वळूनही बघत नाही. ताटाचा फोटो काढला तर तीही वेळेची नोंद. स्वच्छतागृहाची पाहणी बहुधा यादीत असतेच. ती जेवणाच्या मध्यावर ठेवा, म्हणजे तिथे उभ्या उभ्या वेटरचं नाव आणि वर्णन लिहून काढता येतं.

पहिल्या कामाला मी वेळा चोख टिपल्या आणि वेटरचं नाव विसरलो. बिलावर असेल म्हणून निर्धास्त होतो. तिथे नुसता कोड नंबर होता. अहवाल परत आला.

नावावरून एक मुद्दा. १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्मार्क नावाच्या संस्थेमुळे ‘मिस्ट्री शॉपिंग’ हा शब्द रुळला, तेव्हा भर नोकर गल्ल्यात हात घालतात का, हे पाहण्यावर होता. सेवेचं मोजमाप नंतर आलं. तो जुना वास अजून पुरता गेलेला नाही: बारवरच्या काही कामांत पैसे गल्ल्यात गेले का आणि बिल दिलं का, यावर डोळा ठेवायला सांगतात. तुमच्या फॉर्मवरून एखाद्याचा बोनस जाऊ शकतो, कधी नोकरीही. म्हणून निकाल देऊ नका, घडलं ते लिहा. ‘वेटर उद्धट होता’ हा निकाल. ‘मी दुसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा त्याने मान हलवली, पण पाणी आलं नाही; टेबलं सगळी भरलेली होती आणि या भागात तो एकटाच होता’ ही हकीकत. दुसरं वाक्य वाचणाऱ्या मॅनेजरला कदाचित दिसेल की चूक माणसाची नसून माणसं कमी असल्याची आहे. असलं काम नको वाटत असेल तर त्यात कमीपणा नाही. मला बारची कामं नको वाटतात आणि मी ती घेत नाही.

अहवालासाठी त्याच रात्रीची वेळ राखून ठेवा. मुदत पुष्कळदा बारा किंवा चोवीस तासांची असते, आणि उशीर झाला तर जेवणाचं बिल तुमच्याच माथी. ‘हो-नाही’चे प्रश्न पटकन होतात, वेळ खातात ते मोकळे रकाने. शिवाय दोन्हींचा मेळ बसावा लागतो. वर ‘स्वागत झालं’वर खूण आणि खाली ‘दारात कोणी नव्हतं’ असं असलं की कंपनीचा संपादक फोन करणार किंवा परत पाठवणार. हे संपादक अहवालाला गुण देतात आणि चांगली कामं गुणवाल्यांकडे आधी जातात. पहिले दोन-तीन अहवाल म्हणूनच हिशेबात तोट्याचे धरा.

पैसे लगेच येत नाहीत. महिना-दोन महिने लागणं नेहमीचंच, तोवर बिल तुमच्या खिशातून गेलेलं असतं. म्हणून एकाच महिन्यात चार महागडी कामं घेऊ नका. बिलाचे फोटो आणि कामाचा क्रमांक एका फोल्डरात ठेवा, कर भरताना मानधन मिळकतीत दाखवावं लागू शकतं तेव्हा लागतील. सुरुवात टेबलावरच्या लांब जेवणाने न करता काउंटरवरच्या झटपट ठिकाणाने करा: अर्ध्या तासात काम उरकतं, फॉर्म छोटा असतो आणि चूक झाली तरी नुकसान थोडं.

नावनोंदणीआधी एक रंगीत तालीम करून पाहा. पुढच्या वेळी स्वतःच्या पैशाने बाहेर जेवायला जाल तेव्हा कोणाला न सांगता वेळा टिपा, वेटरचं नाव लक्षात ठेवा, आणि घरी येऊन पानभर लिहा. सोबतच्यांशी गप्पा किती झाल्या, तेही त्याच पानावर लिहा.