विंडोज कोणते आहे, हे पाहताना या चुका टाळा

नागपूरच्या सीताबर्डीवर संगणक दुरुस्तीचे काम करताना मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो 'विंडोज कोणते आहे?' हा, आणि उत्तर बहुधा पडद्याकडे पाहून येते. स्टार्टचे बटण मधोमध असले की ११ आणि डाव्या कोपऱ्यात असले की १०, असा हा ठोकताळा आहे. परंतु विंडोज ११ मध्ये ते बटण सेटिंग्जमधून डावीकडे नेता येते. लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवरही विसंबू नये, कारण त्यानंतर यंत्र किती वेळा फॉरमॅट झाले हे त्यावर लिहिलेले नसते.

मोठी गल्लत कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत होते. महाल भागातल्या एका हिशेबनीसांनी 'व्हर' ही आज्ञा दिली, १०.०.२२६३१ हा आकडा वाचला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार (सपोर्ट) संपल्याचे आठवून ते अपग्रेडसाठी भर उन्हात सीपीयू उचलून आले. त्यांच्याकडे विंडोज ११ च होते. विंडोज ११ सुद्धा सुरुवातीचा आकडा १०.० असाच दाखवते. भेद कळतो तो त्यापुढच्या बिल्ड क्रमांकावरून (येथे २२६३१). तो २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर घरगुती संगणकावर विंडोज ११ आहे, तर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती १९०४५ वर थांबते.

खात्रीचा मार्ग सोपा आहे. विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबून 'विनव्हर' असे इंग्रजी अक्षरांत टाइप करावे आणि एंटर दाबावे. नाव, आवृत्ती आणि बिल्ड एकाच चौकटीत दिसतात.

विंडोज ३२-बिटचे आहे की ६४-बिटचे हे पाहायचे असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट या क्रमाने जावे. तेथे '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४-आधारित प्रोसेसर' अशी ओळ असली, तर पुष्कळ जण तिचा उत्तरार्ध वाचून ६४-बिटचे सॉफ्टवेअर उतरवतात आणि ते चालत नाही म्हणून यंत्राला दोष देतात. प्रोसेसर काय पेलू शकतो हे उत्तरार्ध सांगतो, प्रत्यक्षात काय बसवले आहे हे पूर्वार्ध.

विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांनी 'युनेम' आज्ञेतून आलेला कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा क्रमांक उबुंटूची आवृत्ती म्हणून सांगू नये. 'एलएसबी_रिलीज' ही आज्ञा '-ए' जोडून द्यावी.

विनव्हरच्या चौकटीचा फोटो दुरुस्तीवाल्याला जरूर पाठवावा, मात्र खालच्या बाजूला परवानाधारकाचे नाव किंवा ईमेल छापलेला असतो, तेवढा भाग आधी कापावा.