विद्यापीठातल्या मानसिक आरोग्य सेवेसाठी अनुदान कसे मिळवावे

सार्वजनिक विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्राचा बहुतेक खर्च माणसांच्या पगारावर होतो. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि अनुदान दोन-तीन वर्षांत संपते. अर्ज लिहिताना याकडे काणाडोळा केला, तर अनुदान मिळूनही सेवा टिकत नाही. समुपदेशकाचा करार संपतो आणि ज्या मुलामुलींनी महत्प्रयासाने त्याच्यापाशी बोलायला सुरुवात केली होती, त्यांना नव्या माणसासमोर सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. यातली काही जण परत येतच नाहीत. म्हणून खालची पहिली दोन कामे अर्जाचा नमुना हाती येण्याआधी उरकून घ्या.

१. समुपदेशकाचे तास मोजा

बहुतेक अर्जांची सुरुवात जागतिक आकडेवारीने होते. ती एका वाक्यात आटोपा. ८ देशांतल्या १९ शिक्षणसंस्थांमध्ये प्रथम वर्षाच्या सुमारे १४,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ३५ टक्के विद्यार्थी आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मानसिक विकाराच्या निकषांत बसत होते. एवढा उल्लेख पुरे. अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाला जाणून घ्यायचे असते ते तुमच्या विद्यापीठात किती जण दारातून परत जातात हे.

हिशेब असा मांडा. पूर्णवेळ समुपदेशकाच्या आठवड्यातल्या ४० तासांपैकी प्रत्यक्ष भेटींसाठी २४ धरा. बाकीचा वेळ नोंदी, तातडीचे प्रसंग, दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणी आणि कार्यशाळांत जातो. अध्यापनाचे आठवडे ३० धरले तर ७२० तास होतात. वेळ ठरवूनही विद्यार्थी न आल्याने वाया गेलेल्या भेटींचे १५ टक्के वजा केले की ६१२ उरतात. प्रत्येकाला सरासरी ५ भेटी लागल्या, तर एक समुपदेशक वर्षाला साधारण १२२ विद्यार्थ्यांना पुरतो. आता १२,००० विद्यार्थ्यांपैकी ८ टक्के जरी आले तरी ते ९६० होतात, म्हणजे आठ समुपदेशक हवेत. तुमच्याकडे तीन असतील तर जवळपास ६०० जणांना सेवा मिळणारच नाही. उदाहरणातले आकडे काढून तिथे स्वतःच्या केंद्राचे, मागच्या दोन वर्षांच्या भेटवहीतले आकडे घाला. पडताळणीला समुपदेशन केंद्रांना मान्यता देणाऱ्या ‘इंटरनॅशनल ॲक्रेडिटेशन ऑफ काउन्सेलिंग सर्व्हिसेस’ या संस्थेचे प्रमाण धरता येते: १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक.

प्रतीक्षेचे दिवस मोजताना पहिली आणि दुसरी भेट वेगवेगळी मोजा. पुष्कळ केंद्रांत पहिली भेट चार दिवसांत मिळते आणि दुसरीसाठी सहा आठवडे थांबावे लागते. सरासरी काढली की ही खोट झाकली जाते, आणि खरी गरज नेमकी तिथेच असते.

पाहणी करायची असेल तर आधी संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची मंजुरी घ्या. त्याला काही आठवडे लागतात. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली सर्रास वापरतात. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, आणि १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी आवश्यक. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. पाहणी निनावी असेल तर ‘हो’ म्हणणाऱ्यापर्यंत तुम्ही पोहोचू शकत नाही. मदत मागणाऱ्याचे उत्तर तक्त्यात भरून मोकळे होणे अक्षम्य आहे. एकतर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ वापरा, नाहीतर ओळख नोंदवून घ्या आणि त्याच दिवशी संपर्क कोण करणार हे आधी ठरवा.

२. अनुदान संपल्यावरची हमी लेखी घ्या

कुलगुरूंच्या शुभेच्छापत्राला परीक्षक फारशी किंमत देत नाहीत. हवे असते ते वित्त विभागाने मान्य केलेले आणि कुलसचिवांची सही असलेले पत्र: कोणते पद, कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यातून), कोणत्या वर्षापासून. विद्यापीठाचा पगारातला वाटा टप्प्याटप्प्याने चढता ठेवा. पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्यापासून पूर्ण. एकदम शंभर टक्क्यांचा भार आला की अंदाजपत्रकात त्या पदावरच आधी कात्री चालते. नवे पद मंजूर व्हायला सार्वजनिक विद्यापीठात वर्षभरही लागू शकते, म्हणून तो प्रस्ताव अनुदानाच्या पहिल्याच महिन्यात मार्गी लावा.

३. देणाऱ्याच्या अटी वाचा आणि फोन करा

काही अनुदाने फक्त प्रतिबंध आणि प्रशिक्षणासाठी असतात, उपचाराचा खर्च त्यांत बसत नाही. काहींत विद्यापीठाला स्वतःची रक्कम घालावी लागते. अमेरिकेत तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी केलेल्या २००४ च्या गॅरेट ली स्मिथ कायद्यातून सुरू झालेल्या विद्यापीठ-अनुदानात तर जेवढ्यास तेवढी रक्कम घालण्याची अट आहे. लिहायला बसण्याआधी संपर्क अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: पगार चालतो का, विद्यापीठाचा प्रशासकीय खर्च किती टक्के धरता येतो, आणि न खर्चलेली रक्कम पुढच्या वर्षी नेता येते का.

४. कामांचा क्रम लावा

शिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवणे हे अर्जातले लोकप्रिय काम आहे. स्वस्त असते, संख्याही मोठी दिसते. पण २०० जणांना शिकवले की ते विद्यार्थ्यांना केंद्राकडे पाठवू लागतात, आणि तिथे तास वाढलेले नसतील तर रांगच लांबते. पाठवलेला विद्यार्थी महिनाभर ताटकळला की अधीक्षकाचाही विश्वास उडतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत नेमणुका आणि त्यानंतर प्रशिक्षण, असाच क्रम लिहा.

५. अंदाजपत्रक

नेहमीची चूक म्हणजे पहिल्या वर्षी बारा महिन्यांचा पगार धरणे. जाहिरात, मुलाखती आणि मंजुरी यांत चार महिने सहज जातात. आठ महिन्यांचाच पगार धरा, नाहीतर रक्कम पडून राहते आणि परत करावी लागू शकते. हटकून राहून जाणारे खर्च असे: दरवर्षीची पगारवाढ, ज्येष्ठ तज्ज्ञाकडून समुपदेशकांना मार्गदर्शन, रजेच्या काळातला बदली समुपदेशक, रात्रीच्या आणि सुट्टीच्या तातडीच्या प्रसंगांची सोय, सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि आवाज बाहेर न जाणारी खोली. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण पातळ लाकडी पार्टिशनमागे कोणीही मन मोकळे करत नाही.

६. मोजता येईल तेच कबूल करा

आत्महत्या अमुक टक्क्यांनी कमी करू, असे लिहू नका. एका विद्यापीठात तीन वर्षांतली संख्या इतकी लहान असते की योगायोगानेही ती खाली-वर होते, त्यावरून कामाचे यश किंवा अपयश ठरत नाही. त्याऐवजी दुसऱ्या भेटीपर्यंतचे दिवस, ठरलेल्या भेटी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि पहिल्या व शेवटच्या भेटीतल्या प्रश्नावलीच्या गुणांमधला फरक कबूल करा. या मोजणीसाठी एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के वेगळे ठेवा.

अहवालात फक्त एकत्रित आकडे जातील, ही अट करारातच घालून घ्या. एखाद्या छोट्या विभागातून तीनच विद्यार्थी आले असतील आणि तो आकडा छापला, तर सहाध्यायी त्यांना ओळखतात. पाचपेक्षा कमी संख्या असेल तिथे ‘५ पेक्षा कमी’ एवढेच लिहा.

७. सादर करताना आणि नंतर

विद्यापीठांतर्गत सह्यांसाठी दोन आठवडे हाताशी ठेवा. मसुदा मानसशास्त्राशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या, कारण परीक्षकांत असे लोक असतात. मंजुरी मिळताच स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि दर तिमाहीला खर्च जुळवा. एका बाबीतले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे मागवा. तास आणि प्रतीक्षेचा तक्ता दर सत्राला अद्ययावत ठेवलात, तर पुढच्या फेरीला फक्त शेऱ्यांपुरती दुरुस्ती करावी लागते.