चौशिंग्याचा नकाशा काढताना या चुका टाळा

चौशिंगा म्हणजे चार शिंगांचं, लहान हरणासारखं जनावर. ते कुठे कुठे आढळतं हे दाखवणारा, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातला (छत्रपती संभाजीनगर-जळगाव सीमेवरचं) माझा पहिला नकाशा ठिपक्यांनी गच्च भरला होता. नीट पाहिलं तर जवळपास सगळे ठिपके कन्नड घाटाच्या रस्त्याला चिकटलेले. जनावर कुठे राहतं ते त्यात नव्हतंच, आमची जीप कुठे फिरली तेवढं होतं. तेव्हापासून मी आधी नकाशावर सारख्या मापाच्या चौकटी आखतो आणि रस्ता नसलेल्या चौकटींतही पायी जातो. पाय दुखतात, पण इलाज नाही.

ठिपका भलतीकडे पडतोय? आकडे तपासा. अजिंठा लेणी 20 अंश 33 मिनिटे उत्तर, 75 अंश 42 मिनिटे पूर्व इथे आहेत. घाईत कुणी 20.33 आणि 75.42 असं भरलं की लेणी सुमारे 38 किलोमीटर नैऋत्येला सरकतात. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. 33 मिनिटांचे 0.55 अंश होतात. ही चूक कपटी, कारण ठिपका मराठवाड्यातल्याच कुठल्यातरी शेतात पडतो आणि खरा वाटतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल त्यापेक्षा बरी: चौशिंगा थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोहताना दिसतो, लगेच कळतं.

आता नावांचा घोळ. चौशिंगा भारत आणि नेपाळ सोडून कुठेच नाही. भेकर, म्हणजे भुंकणारं लहान हरीण, मात्र आग्नेय आशियापर्यंत पसरलेलं. प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठराविक प्रदेशातच आढळणाऱ्या, प्राण्याच्या नकाशात भेकर घुसलं की सगळंच फसलं. गावात जाऊन “इथं चौशिंगा आहे का?” असं विचारू नका. पाहुण्याचं मन राखायला लोक हो म्हणतात. “लहान हरीण कसं दिसतं, ओरडतं कसं?” असं विचारा. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि नराची शिंगं गळून पुन्हा येतात. चौशिंगा नराची पुढची दोन शिंगं कधी नुसती बोंडं असतात, कधी नसतातच. त्यामुळे दोनच शिंगं दिसली म्हणून नोंद खोडू नका. माद्या दोन्हींच्या बिनशिंगी. तिथे पुढच्या पायांवरचा काळसर पट्टा बघा, तो चौशिंग्याचा. आणि लेंड्या! चौशिंगा त्याच त्या जागी टाकतो, ढीग साचतो. मला असा एक ढीग दहा ऐकीव नोंदींपेक्षा मोलाचा वाटतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून केलेली मोजणी मजेची असते, मीही बसतो. पण त्या दिवसांत पाणी उरतं मोजक्या पाणवठ्यांवर आणि जनावरं तिथेच गोळा होतात. त्यावरून वर्षभराचा नकाशा काढला तर तो पाणवठ्यांचा नकाशा होतो. पावसाळ्यानंतर त्याच चौकटी पुन्हा चाला.

जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात उन्हाळ्याच्या दुपारी काहीच येत नसेल तर तो बिघडलाय असं लगेच समजू नका. त्याचा सेन्सर अंगाच्या आणि भोवतालच्या तापमानातला फरक ओळखतो. पारा चाळिशीपार गेला की तो फरकच उरत नाही. उलट रिकामे फोटो हजारोंनी आले तर समोरचं हलणारं गवत कापा. सेल बदलल्यावर तारीख-वेळ बघा. मी एकदा विसरलो आणि महिनाभराच्या नोंदी हंगामाच्या हिशेबातून बाद झाल्या. अभयारण्यात कॅमेरा लावायला वनविभागाची परवानगी लागते, हे वेगळं सांगायला नको.

“दिसला नाही” म्हणजे “नाही” असं लिहू नका. समजा, चौशिंगा तिथे असूनही एका रात्रीत कॅमेऱ्यात येण्याची शक्यता दहा टक्के आहे. सात रात्रींनंतरही तो निसटलेला असण्याची शक्यता जवळपास 48 टक्के राहते, तीस रात्रींनंतर चार टक्के. म्हणून प्रत्येक रिकाम्या चौकटीपुढे किती रात्री कॅमेरा होता ते नोंदवा.

याची उलट चूकही होते. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. बातमी मोठीच, पण एका भटक्या नरावरून नकाशावर वाघाच्या वावराचा प्रदेश रंगवता येत नाही. चौशिंग्याच्या एकुलत्या नोंदीलाही हाच न्याय.

नकाशा लोकांसमोर ठेवताना नेमके अक्षांश-रेखांश काढून टाका, मोठ्या चौकटीच दाखवा. फासे लावणारेही नकाशे वाचतात.